मोरचुदातली दोन नाती

केदारखेड्याच्या गोपिकाबाईच्या मेंढ्यांचे खूर सडायला लागले की ती मोरचुदाचं निळंशार पाणी करून त्यांना त्यात उभं करी. गुण यायचा. पण मोरचूद म्हणजे नेमकं काय, हे पन्नाशी आली तरी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकेचाळीस साली दिवाळीत तिचा भाचा बद्रीनाथ आला. जालन्याच्या शाळेत तो उर्दूतून सायन्स शिकवायचा. पिशवीतून त्यानं चार सेल, तारा, इवलासा बल्ब आणि जुन्या सेलमधल्या दोन काळ्या कांड्या काढल्या अन् सगळं तारांनी जोडलं. कांड्या साखरेच्या पाण्यात बुडवल्या. काहीच नाही. मग मिठाच्या पाण्यात बुडवल्या आणि बल्ब पेटला!

गोपिकाबाई अशी किंचाळली की ओसरीवरचं कुत्रं भिंतीवरून पलीकडं गेलं.

"साखरेत काय खोट हाय रे?"

"खोट न्हाई, आत्या. साखरेच्या कणातले सगळे अणू आपल्या इलेक्ट्रॉनची, म्हंजे विजेच्या बारक्या कणांची, साझेदारी करून बसल्यात. पाण्यात विरघळले तरी एकमेकाला सोडत न्हाईत. मिठात एका अणूनं इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्यानं घेतला, अन् त्या ओढीनं दोघं चिकटले. पाण्यात ते सुटे होतात, फिरतात, म्हणून वीज जाते."

"मंग माझं मोरचूद?"

तिनं धावत जाऊन खडे आणले, पाण्यात विरघळवले. बल्ब पेटलाच, वर थोड्या वेळानं एक कांडी लालसर झाली.

"अगं बाई, तांबं!"

"बराबर. तांबं एकटं सुटलं. उरलं गंधक अन् चार ऑक्सिजन. त्या पाच जणांची आपसात साझेदारी. ते पाण्यात फुटत न्हाईत, संगंच फिरतात."

"म्हंजे एकाच खड्यात दोन्ही रीती?" गोपिकाबाई हसत सुटली. हसता हसता खालीच बसली. "पाच जणांचं बिऱ्हाड पाण्यात फिरून राह्यलं, अन् मी त्यात मेंढ्या उभ्या करू राह्यले!"

बद्रीनाथ सामान तिच्याकडंच ठेवून गेला. मग तिनं गावातली एक वस्तू तपासल्याशिवाय सोडली नाही. तुरटीनं बल्ब पेटला, राखेच्या पाण्यानं पेटला. तेलानं, तुपानं दगा दिला. शेजारच्या द्वारकाबाईचं वरण अळणी आहे, अशी तिच्या नवऱ्याची, रखमाजीची तक्रार होती. द्वारकाबाई म्हणे, मीठ घातलंय. गोपिकाबाईनं कांड्या घासूनपुसून बुडवल्या. अंधार! द्वारकाबाईनं चिडून मूठभर मीठ टाकलं. बल्ब लखलखला, सगळे टाळ्या पिटायला लागले, आणि वरण मात्र कुणाच्या घशाखाली उतरेना.

सेल संपले तेव्हा ती लुगडं घ्यायला म्हणून लोकर विकायला जाफराबादेला गेली होती. लुगडं राहिलं, सेल आले. पुढं दर बाजाराला ती तिथं लिंबाखाली बल्ब अन् कांड्या मांडून बसायची. आधी मुद्दाम साखर घ्यायची. लोक कंटाळून उठायला लागले की गालातल्या गालात हसत म्हणायची, "थांबा की जरा," आणि मिठाची पुडी सोडायची.