नाल्याचा खरा काठ

रामटेके साहेब गेल्याची बातमी मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. दुपारी डबे उघडून बसलो होतो. एकाने जोडलेले हात टाकले, मग दुसऱ्याने, मग पंधरा-वीस जणांनी. मीही टाकले, आणि पोळीचा पुढचा घास घेतला... दीड महिना झाला, त्या घासाची किळस अजून गेलेली नाही.

बांधकामाच्या परवानग्या देणाऱ्या आमच्या कार्यालयात साहेब मुख्य आरेखक होते. मी पंचविशीत त्यांच्या हाताखाली लागलो. नदी-नाल्यांच्या काठाने नकाशावर दोन रेषा असतात. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधायचं, तर जोतं उंच घेऊन, अटी पाळून. आमच्यातले बहुतेक जण या रेषा जुन्या नकाशावरून नव्या नकाशावर उतरवून मोकळे व्हायचे. साहेब मात्र पाऊस ओसरला की जुनी लुना घेऊन नाल्याकाठच्या वस्त्यांत जायचे. पाणी किती फूट चढलं असं ते कोणाला विचारायचे नाहीत, कारण लोक घाबरून वाढवून सांगतात किंवा घर पाडतील म्हणून कमी सांगतात. ते बायांना विचारायचे, पिठाचा डबा कोणत्या फळीवर चढवला होता वं? बाई बोट दाखवायची. साहेब टेप लावायचे. त्या बोटांवरून निळी रेषा ठरायची. एकदा एका बिल्डरचा इंजिनिअर भर उन्हाळ्यात घेतलेली मापं घेऊन आला, तर साहेब चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "मे महिन्यात नाला मोजून आला का गा? मंग कूलर डिसेंबरात तपासशील." अख्खा हॉल हसला. मीही हसलो होतो.

नंदनवन वस्तीच्या पलीकडे एका लेआउटची फाईल आली तेव्हा साहेबांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. बिल्डरने नाल्याच्या पात्रातच काँक्रीटची भिंत उभी केली होती आणि सोडायचं अंतर काठापासून न मोजता त्या भिंतीपासून मोजलं होतं. कागदावर सगळं नियमात बसत होतं. साहेबांनी जागेवर जाऊन स्वतःच्या हाताने टिप्पणी लिहिली. दुसऱ्या दिवशी वरच्या अधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्या गडचिरोलीच्या बदलीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, टिप्पणीचं पान जरा नीट टाईप करून आणा. नीट म्हणजे काय, ते मला कळलं होतं.

मी नवं पान टाईप केलं: जागेची पाहणी केली, हरकत नाही. पाहणीनंतर दोन दिवसांनी साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी होती, दुसऱ्या डोळ्यानेही धूसर दिसायचं. निवृत्तीपूर्वी सह्या करायच्या फाईलींचा ढीग होता. त्यात ती फाईल मधे घातली. त्यांनी विचारलं, "सुनील, सही कुठं करू गा?" मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "तू हायेस म्हून निभून राहिलं."

पुढे काही वर्षांनी एका सप्टेंबरच्या सकाळी तो नाला आपल्या जुन्या काठापर्यंत आला. भिंत आडवी होती, तिने पाणी जेमतेम अर्धा तास धरलं. तळमजल्यावरचे अर्धांगाने आजारी असलेले एक गृहस्थ पलंगावरून उठू शकले नाहीत. लोक याला नैसर्गिक आपत्ती म्हणाले. मी त्या पाण्याला तिथे घर दाखवलं होतं, त्यात निसर्गाचं काय होतं?

चौकशी बसली, परवानगीवर सही साहेबांची निघाली. नोटीस घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. शर्ट इस्त्रीचा, पण बटणं वरखाली लागली होती. कागद माझ्यासमोर ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "हे मी लिहिलं काय गा?"

मी म्हणालो, "खूप वर्षं झाली साहेब. मला आठवत नाही."

त्यांनी मान हलवली. मग जाताना मलाच चहा पाजून गेले.

विहारातल्या शोकसभेत तेच वरचे अधिकारी बोलले. निवृत्तीनंतर ते आणखी गोरेगोमटे झालेत. रामटेके म्हणजे सचोटी, असं म्हणाले. आवाज भरून आणला. त्यांच्यानंतर बोलायला माझं नाव पुकारलं, आणि मी उठलो, आणि चार चांगली वाक्यं बोललो.

त्यानंतरच्या रविवारी काकूंकडे, साहेबांच्या पत्नींकडे, गेलो. त्या अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "ते रोज रात्री मले इचारत, माह्या हातून असं कसं झालं वं? डोया गेला तशी अक्कलही गेली काय?" मग माझ्याकडे न बघता, "मले काहून सांगता भाऊ? जिथं त्यायचं नाव खराब केलं, तिथं सांगा."

मी लेखी जबाब तयार केला, स्वतःचं नाव, त्या अधिकाऱ्यांचं नाव, पान कसं बदललं ते सगळं लिहिलं. चौकशी शाखेतल्या माणसाने वाचून माझ्याकडे दयेने पाहिलं. संबंधित कर्मचारी मयत झाल्यामुळे प्रकरण बंद होऊन दप्तरी दाखल झालं आहे, म्हणाला. मेलेल्या माणसाची चौकशी चालत नाही, म्हणजे तो निर्दोषही ठरत नाही. आता कशाला उकरता साहेब, तुमची पाच वर्षं राहिली नोकरीची... असंही म्हणाला. मी जबाब परत घेतला नाही. पोच मागून घेतली. त्याचं काय व्हायचं ते होवो. पण साहेबांचं नाव त्या कार्यालयात साफ होणार नाही, हे मला कळलं, म्हणून इथे लिहितो आहे.

त्यांच्या हातचं मूळ पान मी फाडलं नव्हतं. का, ते मला सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणून नक्कीच नाही. कपाटात होतं. काळी शाई, ओळी सरळ, अक्षर नकाशावरच्या अक्षरासारखं. ते जसंच्या तसं देतो:

"जागेवर जाऊन पाहिले. अर्जदाराने अंतर नवीन भिंतीपासून मोजले आहे. ही भिंत नाल्याच्या पात्रात आहे. नाल्याचा खरा काठ भिंतीच्या मागे, आखलेल्या भूखंडांच्या मधून जातो. मागील पुरात येथील झोपडीत पाणी चुलीच्या वर आले होते, असे तेथील बाईंनी दाखवले. येथे लोक राहावयास आल्यास जिवास धोका आहे. परवानगी देऊ नये. दे. रामटेके."