वर्ग बंद झाला, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि मिहिरला — माझ्या मुलाला — तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? कुणास ठाऊक. ऐका फक्त.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट, तमिळ मुलखातली. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात, मी बँकेत, आणि साडेचार वर्षांचा मिहिर दिवसभर क्रोमपेटच्या पाळणाघरात. तिथे तो तमिळ शिकला, टीव्हीवरून इंग्रजी. मी मराठीत काही विचारलं की नुसती मान हलवायचा. जीव तुटायचा हो माझा! म्हणून मीच रविवारचा मराठी वर्ग काढला, ओळखीच्या एका काकांच्या गच्चीवरच्या खोलीत. नियम असा, की मूल एकटं बसणार नाही. आई नाहीतर बाबा शेजारी, दोघांत एक पाटी. आणि आपल्या आईजवळ मुलं फार लाडात येतात, म्हणून शेवटचा अर्धा तास आया बदलायच्या.

तिथे अंबुजाबाई आल्या. तंजावरकडचं मराठी घराणं. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारी माणसं, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. पाच वर्षांच्या लेकीशेजारी, काव्याशेजारी, मांडी घालून त्या ‘क’ गिरवायच्या आणि चुकल्या की ‘अय्यो’ म्हणत आधी स्वतःच हसायच्या. बोलणं जुन्या वळणाचं, सूर तमिळ.

आया बदलताना मिहिर त्यांच्याकडे गेला. आणि बोलायला लागला! त्या त्याला लाडानं ‘कण्णा’ म्हणायच्या, तो त्यांना कावळ्याची, लिफ्टची, काय वाट्टेल ती गोष्ट सांगायचा — मराठीत, त्यांच्याच सुरात. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

दोघी-तिघी आया कुरकुरल्या, की त्या बाईंमुळे मुलांची भाषा बिघडतेय. मी म्हटलं, बघते. इतकी वर्षं मी स्वतःला हेच बजावत आले — भाषेसाठी केलं, वर्गासाठी केलं. खोटं आहे ते, साफ खोटं. एका रविवारी मिहिर जिन्यात पडला, गुडघा फुटला. मी दोन्ही हात पसरून धावले, आणि तो माझ्या शेजारून निसटून अंबुजाबाईंच्या कुशीत शिरला. खरं कारण एवढंच. मी जळले.

त्याच आठवड्यात त्यांना फोन केला. वर्ग बंद झाला, मी म्हणाले, जागेची अडचण आहे. त्यांनी एका शब्दानं शंका घेतली नाही. उलट माझंच सांत्वन केलं — “किती कष्ट घेतले तुम्ही, अक्का. वाईट वाटून घेऊ नका.”

पुढच्या रविवारी वर्ग भरला. मुलं बाराखडी म्हणत होती आणि दारात अंबुजाबाई उभ्या. वर्ग बंद झाला म्हणून माझ्याकडून नेलेली दोन पुस्तकं काकांकडे ठेवायला आल्या होत्या, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. काव्या चप्पल काढून आत यायला निघालीसुद्धा. अंबुजाबाईंनी खोलीभर बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं त्यांनी. पण त्या लेकीला म्हणाल्या, “आज उशीर झाला आपल्याला, कण्णा. वर्ग संपला. चल.”

माझं खोटं त्यांनी स्वतःवर घेतलं, लेकीला कळू नये म्हणून. काव्या रडत होती, चप्पल पायात शिरत नव्हती, आणि बाई वाकून ती घालत होत्या.

नंतर मिहिर कितीतरी रविवार विचारत राहिला. ती माणसं गावाला गेली, असं सांगितलं मी. मग तो विचारायचा थांबला. हळूहळू मराठीही थांबली. आता सिरुसेरीला नोकरी करतो. आठवड्याला फोन करतो, चांगलं बोलतो माझ्याशी, इंग्रजीत.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलंय. त्या जिना उतरत होत्या तेव्हा मिहिर उठून दाराकडे धावला. मी त्याचं मनगट धरलं. तो म्हणाला, “आई, काव्याच्या आईला आत घे ना. मी माझी जागा देतो.” एवढं सलग मराठी तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता. ज्यासाठी वर्ग काढला, ते हेच. मी ऐकलं, सगळं ऐकलं, आणि त्याला म्हणाले, “सिट डाउन.”