बंद कंपनीत सकाळची शिफ्ट

चहा घ्या आधी. माझा गाढवपणा ऐकून हसलात तरी चालेल, फक्त पुष्पाला कळू देऊ नका की मी हे पुन्हा कुणाला तरी सांगितलं.

चाकण रोडला आमची कंपनी होती, गाड्यांच्या वायरिंगची. बावीस वर्षं मी तिथं लाइनवर उभी होते. मग एका सोमवारी गेलो, तर गेटला कुलूप आणि वर चिकटवलेला कागद. आम्ही दोनशे बायकांनी तो वाचला आणि गपचूप घरी गेलो. ते गपचूप जाणं मला अजून डाचतं.

तर गेल्या उन्हाळ्यात लेकीकडून बसनं येत होते. खिडकीतून बघते तर काय, गेट सताड उघडं! आत आमचेच निळे एप्रन घातलेल्या पंचवीस-तीस बायका जमिनीवर बसलेल्या, हातात फलक. मला न सांगता आंदोलन? ड्रायव्हरशी भांडून बस थांबवली आणि तडक पहिल्या रांगेत जाऊन बसले.

कॅमेरे दिसले नाहीत का, असं विचाराल. दिसले की! मला वाटलं, बातमीवाले. बरंच झालं म्हटलं. शेजारच्या बाईला विचारलं, तू कुठल्या लाइनची? ती म्हणाली, मी पुण्याची. म्हटलं, असेल नंतर लागलेली.

तेवढ्यात सुटाबुटातले एक साहेब पायऱ्यांवर आले. कंपनी तोट्यात आहे, सगळ्यांनी घरी जा म्हणाले. मी मात्र उठले.

"आम्ही नाही जाणार. तुम्ही जा घरी. मशीन आम्हाला चालवता येतं, तुम्हाला येतं का?"

साहेब एक पायरी मागे सरकले. मग मी थांबतेय कशाला? संडासला जायचं तरी सुपरवायझरकडून टोकन घ्यायला लागायचं, तिथपासून सगळं काढलं. कुणीतरी "कट" म्हणालं. मला वाटलं, लाइट गेली.

मग एक दाढीवाले गृहस्थ हात जोडून आले. "मावशी, कुठं होता इतके दिवस? उद्या सकाळी सातला या. इथं काम केलेल्या अजून बायका असतील तर सगळ्यांना आणा. आठवडाभर काम आहे, पुढचंही बघू."

आता तुम्हीच सांगा, यातून मी काय समजायचं?

पुढच्या बसमधूनच कंपनीतल्या जुन्या अकरा जणींना फोन लावले. कंपनी चालू होतेय, मी साहेबाला नमवलं! माझ्याच लाइनवरची पुष्पा तेव्हा मारुंजीला मुलींच्या हॉस्टेलवर स्वयंपाक करायची. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, माझ्यासमोर बोलला. तिनं त्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या बाईंना सांगून टाकलं, उद्यापासून येत नाही.

सकाळी पावणेसातला बारा जणी गेटवर. जुने एप्रन इस्त्री केलेले, हातात डबे. आत गेलो तर आमच्या लाइनवर थर्माकोलची मशिनं मांडलेली. पुष्पानं एकाला हात लावला, तर रंग बोटाला आला.

दाढीवाल्यांनी समजावून सांगितलं, हे सिनेमाचं शूटिंग आहे. मुंबईच्या स्टुडिओत असला कारखाना उभा करण्यापेक्षा आता इकडच्या बंद शेड बऱ्या पडतात. ताथवड्याच्या एका कॉलेजात त्यांनी कोर्टाचा सेट लावलाय. इथं गंजसुद्धा खरा मिळतो, असं अगदी खूश होऊन म्हणाले.

पुष्पानं बोटाचा रंग एप्रनला पुसला आणि माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी म्हटलं, चला गं, जाऊ या. ती म्हणाली, "शिफ्टला आलोय. शिफ्ट करून जाऊ."

दिग्दर्शक एक तरुण बाई होत्या. गेटचं कुलूप बघून तुम्ही सगळ्या रडता, असा सीन त्यांनी सांगितला. डोळ्यांत घालायला ग्लिसरीन आलं. पुष्पानं बाटली परत केली.

"त्या दिवशी आम्ही रडलो नव्हतो. आज खोटं कशाला रडू?"

"मग काय केलं होतं?"

"गपचूप गेलो होतो. आज जाणार नाही."

आणि ती गेटला पाठ लावून बसली. तिच्यामागोमाग आम्ही सगळ्या. बाई कॅमेरावाल्याला म्हणाल्या, असंच घ्या.

जेवणाच्या सुट्टीत मी हॉस्टेलच्या बाईंना फोन केला. चूक माझी आहे, पुष्पाची नाही, असं सांगितलं. त्यांनाही स्वयंपाकाला कुणी मिळालं नव्हतं. उद्या पाठवा म्हणाल्या. तेव्हा कुठं पुष्पानं माझ्या डब्यातली भाजी घेतली.

संध्याकाळपर्यंत मालकाच्या नावानं घोषणा देऊन घसे बसले. निघताना दाढीवाले आले.

"मावशी, दिग्दर्शक बाईंना तुमचा रुबाब फार आवडलाय. उद्या तुम्हाला मोठा रोल आहे, मालकाच्या बायकोचा."

अकरा जणी माझ्याकडे बघायला लागल्या. आता ही त्याला कशी झापते, म्हणून. मी पदर खोचला, दाढीवाल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि बसलेल्या घशानं ठणकावून विचारलं,

"साडी कुठली नेसू?"