रशीदभाईंच्या दारातली चौकट

बीडच्या स्टँडवर रिक्षावाल्याने सहज सांगितलं, रेडिओ दुरुस्त करणारे रशीदचाचा गेले, परवा दफन झालं. सांगायला लाज वाटते, पण मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, भीती होती. माझी एक गोष्ट जगात फक्त त्यांना ठाऊक होती, आणि तिच्यातली वस्तू अजून त्यांच्याकडेच होती...

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. मी बीडकडच्या पालीजवळ एका खेड्यात मास्तर, आणि दारात दोन म्हशी म्हणून दूध सोसायटीचा सभासद. चारा छावणी कुठे उघडायची यावरून सोसायटीत दोन तट पडले. विहिरीजवळच हवी, पुढाऱ्याच्या रानात नको, असं मी बोलून बसलो. त्यानंतर शाळेच्या वाटेवर रोज त्या पुढाऱ्याचा एक माणूस मोटारसायकल बंद करून उभा राहू लागला. बोलायचा काही नाही, नुसता बघायचा. शेवटी मी एक रामपुरी चाकू मिळवला आणि सभेच्या दिवशी शर्टाखाली कमरेला खोचला.

रशीदभाई माझे जुने मित्र, पण सभेच्या दाराला त्यांनी काय बसवलंय हे मलाही सांगितलं नव्हतं. मागच्या सभेत एकाचं डोकं फुटलं होतं, म्हणून सोसायटीने त्यांना गुपचूप बोलावलेलं. लाकडी चौकटीच्या आत त्यांनी तांब्याच्या तारेची वेटोळी लपवली होती, त्यातून बारीक वीज खेळवलेली. लोखंड जवळून गेलं की पलीकडच्या खोलीतल्या मीटरचा काटा उडायचा. चांदीच्या करदोड्याला नुसता थरथरायचा, कोयत्याला सरळ टोकाला जायचा. पण कोयते त्या दिवशी आत आलेच नाहीत. ऊसतोडीहून परतलेल्या सभासदांनी रिवाजाप्रमाणे ते बाहेर लिंबाखाली, सगळ्यांदेखत ठेवले होते. हत्यार लपवून आत शिरला तो खडू धरणारा मी.

उंबरा ओलांडला आणि आतल्या खोलीतून रशीदभाई हसत बाहेर आले. ईदला घेतात तशी त्यांनी माझी गळाभेट घेतली. पाठीवरचा हात कमरेपर्यंत उतरला आणि थांबला... चहाचं निमित्त करून त्यांनी मला आत नेलं, दार लोटलं, टेबलावरचा काटा दाखवला.

"मास्तर, कुणाला मारायला आणलं ह्ये?"

"मारायला न्हाई. लई भ्या वाटतंय, रशीदभाई."

"काट्याला भ्या दिसत न्हाई, निस्तं लोखंड दिसतंय. समोरच्यालाबी तेवढंच दिसंल."

मी चाकू काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अवजारांच्या पेटीत टाकला आणि मला सभेत पाठवलं.

सभेत खुर्च्या उडाल्या. त्या मोटारसायकलवाल्याने माझी कॉलर धरून मला भिंतीला दाबलं. माझा हात दोनदा शर्टाखाली गेला. दोन्ही वेळा हाताला फक्त पोट लागलं. तेवढ्यात चौघांनी त्याला ओढून नेलं. छावणी पुढे विहिरीजवळच झाली, तो माणूसही वाटेवर दिसेनासा झाला. पण त्या दिवसापासून मला त्याच्यापेक्षा माझ्या हाताचीच जास्त भीती वाटते.

ती चौकट रशीदभाईंनी नंतर स्वतःच्या दुकानाला बसवली. मी गेलो की आधी काट्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मग, "या मास्तर." त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. चाकू परत दिला नाही, मी मागितलाही नाही.

त्यांच्या चाळिसाव्या दिवशी दुकानात गेलो. त्यांची मुलगी नसीम आता तिथे मोबाइल दुरुस्त करते. तिने दोऱ्याने घट्ट बांधलेलं एक पुडकं पुढे केलं. "अब्बा म्हणलेते, मास्तरांचं हाय, त्यांनाच दे." आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. मला वजनावरूनच कळलं. ते पिशवीत टाकून मी घाईने निघालो. उंबऱ्यात पाय ठेवला आणि मागे मीटरमध्ये काटा टक्कन आपटला.

मी वळलो. नसीमने आधी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी परत आत गेलो, पुडकं तिच्या टेबलावर ठेवलं आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडलो.