व्हय की, येतो की

आमचा एक ईमेलचा गट होता. कोल्हापुरात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते, तेव्हाची गोष्ट. दुर्मिळ गटाचं रक्त लागलं की मेल टाकायचा, ज्याला जमेल त्यानं दवाखाना गाठायचा. चालवणारी मीच. लई मिरवायचे.

आणि माझ्याच धाकट्या जावेला बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला. रक्तगट ‘बी-निगेटिव्ह’, रक्तपेढीत शिल्लक नाही. मी दवाखान्यासमोरच्या कॅफेत पळाले, मेल टाकला. उत्तरं धडाधड आली. ‘व्हय की, येतो की.’ ‘आम्ही हाय की, घाबरू नका.’ मला रडूच आलं. किती गुणाची माणसं!

पण दवाखान्यात कुणी येईना. आमच्याकडं तोंडावर ‘न्हाय’ म्हणणं म्हणजे पावण्याला दारातनं हाकलणं. म्हणून सगळे व्हय म्हणाले, आणि एवढे जण जातायत म्हटल्यावर जो तो घरीच बसला. डॉक्टर माझ्याकडं बघायचे, मी रस्त्याकडं. अस्सा संताप आला होता!

परत कॅफेत गेले, तर गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा मेल: ‘मला जमणार नाही, वय झालं. पण फोनपाशी बसलेय. खरंच घरातनं बाहेर पडलाय त्यानंच मला फोन करा. बाकीच्यांनी जमत नाही म्हणून लिहा. त्यात कसली आलीय लाज?’ खाली नकारांची रांग लागली होती. शेवटी बाईंचंच: ‘इचलकरंजीहून एक जण निघालेत, यंत्रमागावर कामाला असतात. एसटी स्टँडवरनं फोन होता.’ त्या नकारांनी मला केवढा धीर दिला! वाट कुणाची बघायची, ते तरी कळलं.

ते आले. रक्त दिलं आणि धड चहाही न घेता पाळीवर परत गेले.

दुसऱ्या दिवशी जाऊ जरा बोलायला लागली. कुशीत लेक. सगळं ऐकून म्हणाली, ‘‘अक्का, त्यांना कळवलं का, मी वाचले म्हणून?’’

कुणीच कळवलं नव्हतं. मी तशीच कॅफेत पळाले आणि लिहिलं, ‘आई आणि मुलगी, दोघी सुखरूप.’

लगेच त्यांचं उत्तर आलं. ‘सकाळधरनं हितं कॅफेतच बसून हाय. आता घरी जातो, जेवतो.’