दिराची मूठ

श्रावणात आमच्या अमळनेरच्या घरी कानबाई देवी बसते. त्याआधी तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी धान्य काढायचं, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. त्या वर्षी सासूबाई सूप पुढ्यात घेऊन बसल्या आणि फोन वाजला.

माझा धाकटा दीर सैन्यात वैमानिक. लहानसं हेलिकॉप्टर घेऊन सीमेवर जायचं, आपल्या तोफांचा मारा कुठे पडतो ते वरून पाहायचं आणि खाली कळवायचं, हे त्याचं काम. लांबून मजा बघायचा पगार मिळतो, असं मी त्याला चिडवायचे. फोनवर त्याचे अधिकारी होते. सकाळी हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या, संपर्क तुटला, शोध चालू आहे, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं.

सासूबाईंनी सासऱ्यांची मूठ टाकली, माझ्या नवऱ्याची टाकली. मग हात गव्हातच राहिला. चुलतसासू हळूच म्हणाल्या, त्याची तूर्त राहू द्या, बातमी येऊ द्या. माझं डोकं फिरलं. तोंड आवरायची मला सवय नाही. त्यांना उठून जायला सांगणार, तोच सासूबाई बोलल्या.

"मना पोऱ्या शे."

आणि त्यांनी आपल्या लेकाची मूठ टाकली.

गिरणीतून पीठ आलं तरी फोन नाही. टीव्ही लावायची कुणाची छाती होईना. दुपार कलल्यावर फोन आला, आणि त्याचाच आवाज ऐकून मी ओट्यावर बसून ढसाढसा रडले.

तो दिवाळीला रजेवर आला, तेव्हा सगळं कळलं. आपली तुकडी उतारावर अडकली होती आणि आपल्याच तोफांचा मारा तिच्या फार जवळ पडत होता. याच्या हेलिकॉप्टरची पुढची काच फुटली, दंडातून रक्त वाहू लागलं. परत ये, असं खालून सांगत होते. मारा नेमक्या जागी पडेपर्यंत हा तिथेच घिरट्या घालत राहिला. मग रेडिओ बंद पडला, आणि त्याने हेलिकॉप्टर कसंबसं नदीपात्रात उतरवलं.

एवढी हुशारी करायला कोणी सांगितली होती, म्हणून मी त्याला चांगलंच झापलं. तो दंडावरचा व्रण चोळत राहिला.

"खाल आपला पोरं व्हतात, वहिनी. मी निंघी येतू तर त्यासले कोन दखतं?"

सासूबाई भरताची वांगी भाजत होत्या. मागे न वळता त्यांनी विचारलं, "आनि तुले कोन दखतं?"

तो उठून त्यांच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसला.