आतली माया

म्हैसुरात माझे ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचं मराठी निम्मं कन्नड आहे. शिवणीच्या आत माया किती ठेवायची, हे त्या कुणाला विचारत नाहीत. दोन बोटं कापड ठेवतातच. "अंग वाढतंय अक्का. माया असली तर उसवून मोठं करता येतंय, अल्वा?" बाकी सगळ्याला त्यांचं उत्तर एकच, "परवागिल्ला." काही हरकत नाही. सुई बोटात घुसली, परवागिल्ला. नवऱ्याच्या मारानं ओठ फुटला तरी परवागिल्ला, पोरगी लहान आहे. मला त्या शब्दाची चीड यायची.

मग एकदा बापाची थप्पड पोरीला बसली, आणि गाल चोळत पोरगीच "परवागिल्ला" म्हणाली. त्या दिवशी बाई तिला घेऊन निघाल्या, त्या थेट आपल्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीतच राहायला आल्या.

परवा मी गेले तेव्हा त्यांचे थोरले दीर समोर बसून समजावत होते. "पोरीला बाप नको काय? आईच्या पोटात माया पाहिजे. सगळ्याच बायका सोसतात. घरी चल."

बाईंनी माझा घट्ट झालेला ब्लाउज उलटा केला, ब्लेडनं एका बाजूची शिवण सरळ खालपर्यंत उसवली आणि आतली कोरी पट्टी दिरांपुढे धरली.

"माया होती भाऊजी, म्हणूनच उसवलं."

दीर चपला घालेपर्यंत बाईंनी दुसरी बाजूही उसवली होती.